डंगरी: आधी कापड, मग विजार, मग छातीवरची पट्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेकीच्या वाढदिवसाला तुम्ही डंगरी घेतलीत. ती बघून सासरे म्हणाले, हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तुम्ही इंग्रजी कोश उघडलात, तर तिथे मूळ शब्द हिंदी ‘डुंगरी’ दिलेला. आणि न्यू जर्सीहून नणंद म्हणाली, आमच्याकडे डंगरीज म्हणजे जीन्स, खांद्यावर पट्टे असलेल्याला ओव्हरऑल म्हणतात. तेव्हा या तिघांत बरोबर कोण?

कामगारांचे गणवेश शिवण्याच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली. या एका शब्दावरून झालेले घोळ मी निस्तरले आहेत, आणि त्यापायी जुने कोशही चाळले आहेत. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. गोंधळ होतो तो डंगरीला आपण कपडा समजतो म्हणून. सुरुवातीची दोन-अडीचशे वर्षं डंगरी हा अंगात घालायचा कपडा नव्हताच, ते कापडाचं नाव होतं. खादी, मांजरपाट, मलमल म्हणतो तसं. एवढं धरून चाललं की पुढची गाठ सुटते.

इंग्रजीत हा शब्द सापडतो तो थेट १६१३ सालात, आणि तोही भारतात नाही, तर आजच्या इंडोनेशियातल्या, लवंगांच्या मलुकू बेटांवर. जॉन सॅरिस हा ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान तिथे जहाज घेऊन गेला होता. जहाजाचं नावही ‘क्लोव्ह’, म्हणजे लवंगच. बेटावरच्या लोकांना रोख पैशांपेक्षा कापड हवं होतं. म्हणून खंबायत आणि कोरोमंडलचं सुती कापड द्यायचं आणि बदल्यात लवंगा घ्यायच्या, असा व्यवहार चाले. कोणत्या कापडाला किती लवंग मिळते याची यादी सॅरिसने टिपून ठेवली आहे. भडोचच्या एका कापडाला सहा कॅटी लवंग (कॅटी हे तिकडचं वजन), आणि पुढे एक नोंद: ‘डोंगेराइन्स’, उत्तम प्रतीचं, बारा कॅटी.

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला या नोंदीत दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ‘उत्तम प्रतीचं’ हे शब्द. आज डंगरीचा अर्थ देताना सगळे कोश ‘जाडंभरडं, हलकं कापड’ म्हणतात. पण उत्तम प्रत वेगळी नोंदावी लागते, म्हणजे त्या नावाखाली अनेक प्रती विकल्या जात होत्या आणि वरची प्रत बरी किंमत आणत होती. ताग्याची लांबी-रुंदी आपल्यापुढे नाही, तेव्हा बारा आणि सहा यांची सरळ तुलना मी करणार नाही. पण ज्या मालाला कुणी विचारत नाही त्याच्या प्रती पाडून भाव लिहीत बसत नाहीत. दुसरी गोष्ट शब्दातला ‘ओ’. डंगरी नाही, डुंगरी नाही, डोंगे. या ‘ओ’कडे मी नंतर येते.

त्यानंतर साठ वर्षांनी, १६७३च्या सुमारास, जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर पश्चिम किनाऱ्यावर होता. कुठल्या बंदरात कोणता माल मिळतो हे सांगताना तो म्हणतो, डंगरी आणि सर्वांत वजनदार मिरी हवी तर कारवार. म्हणजे डोंगरी नाही, मुंबईही नाही, कारवार. मुंबईच्या डोंगरीचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या तपशिलात हे वाक्य सहसा येत नाही, पण ते टाळून चालणार नाही. तोवर डंगरी हे एका गावच्या मालाचं नाव राहिलं नव्हतं, ते एका जातीच्या कापडाचं नाव झालं होतं आणि ते कापड किनाऱ्यावर इतर ठिकाणीही विणलं किंवा विकलं जात होतं. इरकली लुगडं प्रत्येक वेळी इलकलमध्येच विणलेलं असतं असं नाही, तसंच हे.

आता कोशांची गोष्ट. ती मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा एक प्रसिद्ध कोश आहे, यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’. १८८६ साली तो पहिल्यांदा छापला तेव्हा डंगरीच्या नोंदीत त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की आमच्या माहितीतल्या कोणत्याच कोशात हा शब्द नाही. पण तो होता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात होता, आणि त्याची दुसरी आवृत्ती निघून त्या वेळी जवळजवळ तीस वर्षं झाली होती. १८५७च्या त्या कोशात ‘डोंगरी कापड’ म्हणून सरळ नोंद आहे. अर्थ असा दिलाय की मूळात मुंबईतल्या डोंगरी किल्ल्याला लागून असलेल्या वस्तीत विकलं जाणारं साधं देशी कापड, आणि आता कुठल्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला लावलं जाणारं नाव. ‘डोंगरी’ म्हणजे लहान डोंगर, हेही तिथेच आहे. मराठी कोश उघडला असता तर इंग्रजांना उत्तर घरबसल्या मिळालं असतं. ते मिळालं १९०३मध्ये, जेव्हा विल्यम क्रुक यांनी हॉब्सन-जॉब्सनची सुधारित आवृत्ती काढली आणि चौकटी कंसात मोल्सवर्थचा उतारा घातला.

त्याच कंसात क्रुक यांनी आणखी एक नोंद दिली आहे, प्लॅट्सच्या उर्दू-हिंदी कोशातली ‘डुंगरी’, एक जाडं कापड. पुढच्या इंग्रजी कोशांनी उचलली ती ही. तुम्ही बघितलेल्या कोशात ‘हिंदी डुंगरी’ असं दिसतं ते यामुळे. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. हिंदीत आणि गुजरातीत डोंगराला ‘डुंगर’ म्हणतातच, आणि गुजराती व्यापाऱ्यांनी हे कापड समुद्रापार नेलं असेल तर ‘डुंगरी’ हा उच्चारही जहाजावर ऐकू आला असेल. पण सर्वांत जुन्या नोंदीत ‘ओ’ आहे, आणि जागा, बाजार, डोंगर, कापड हे सगळं एका ओळीत बांधून सांगणारा कोश मराठीचा आहे. म्हणून ‘मूळ हिंदी’ या दोन शब्दांवर थांबणं मला मान्य नाही. मद्रासकडच्या एका कोशात तेलुगू रूप ‘डंगिडी’ असं येतं, पण तिथेही खुलासा ‘मुंबईजवळचं एक गाव’ असाच आहे. तेलुगू बाजूनेही बोट मुंबईकडेच वळतं.

मोल्सवर्थच्या वाक्यातला एक शब्द मात्र नीट वाचायला हवा: विकलं जाणारं. विणलं जाणारं असं तिथे नाही. डोंगरीत माग होते की नव्हते यावर तो काही बोलत नाही. कापडाला नाव बहुतेक वेळा बाजाराचं किंवा बंदराचं चिकटतं, विणकराच्या गावाचं नाही. कारण परदेशी गिऱ्हाईक बंदरापर्यंतच येतं. कॅलिको हे कालिकतवरून, जीन्स हे इटलीतल्या जिनोआ बंदरावरून. डेनिमचा संबंध फ्रान्समधल्या नीमशी जोडतात.

कालक्रमाचीही एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोल्सवर्थ ज्या डोंगरी किल्ल्याजवळची वस्ती म्हणतो तो इंग्रजांचा फोर्ट जॉर्ज, १७६९ साली बांधलेला, आज जिथे सेंट जॉर्ज रुग्णालय आहे तिथे. त्याच्या तटाचा तुकडा अजून तिथे उभा आहे. त्याआधी त्याच जागी डोंगरीचा जुना किल्ला होता. १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर चाल केली तेव्हा याच डोंगरीवरून तोफा डागल्या होत्या. पण सॅरिसची नोंद १६१३ची आहे. तेव्हा मुंबई पोर्तुगिजांची होती. इंग्रजांना ती १६६१च्या लग्नाच्या करारात मिळाली आणि १६६८मध्ये कंपनीकडे आली. म्हणजे इंग्रज मुंबईत पाय ठेवण्याच्या अर्धशतक आधी हे नाव मलुकूत चालत होतं. त्यामुळे मोल्सवर्थ सांगतो ती एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईकरांची समजूत म्हणून अगदी खरी मानावी. तीच १६१३ला जशीच्या तशी लागू आहे, असं ठामपणे म्हणता येत नाही. डोंगर तर तेव्हाही होताच. पण डोंगरी नावाच्या वस्त्या आपल्याकडे अनेक आहेत, उत्तनजवळही एक डोंगरी आहे. सासऱ्यांना सांगा, शब्द आपला आहे यात मला शंका नाही, आणि मुंबईची डोंगरी हा त्यातला सर्वांत बळकट दावा आहे. ‘जगातली पहिली जीन्स डोंगरीत शिवली’ असं हल्ली फिरवलं जातं, त्याला मात्र आधार नाही. टिळक-आगरकरांनी १८८२मध्ये १०१ दिवस ज्या डोंगरीच्या तुरुंगात काढले, त्या नावाला उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

हे कापड होतं कसं? जुन्या वर्णनांत असं येतं की ताण्याला (उभ्या धाग्यांना) आणि बाण्याला (आडव्या धाग्यांना) दोन-दोन किंवा जास्त धागे एकत्र घेऊन ते विणत. बारीक प्रतीचं गरिबांच्या अंगावर जाई, जाड प्रतीची गलबतांची शिडं आणि तंबू होत. जोड-धागा घेतला की कापड वजनदार होतं, वारा सहज आरपार जात नाही आणि घासलं तरी लवकर विरत नाही. शिडाला जे लागतं तेच खलाशाच्या विजारीला लागतं. म्हणून शिडाच्या कापडाची विजार होणं ओघानेच आलं.

ते महाग झालं कधी याचाही एक धागा सापडतो. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८६५-६६च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. त्यांची मुलगी मेरी बरोबर होती आणि तिची आया होती ॲना लिबेराता डिसोझा. ॲनाचे पूर्वज कालिकतचे लिंगायत, नंतर गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेले. ॲनाने सांगितलेल्या गोष्टी मेरीने लिहून घेतल्या आणि १८६८मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात ॲना पूर्वीच्या स्वस्ताईबद्दल सांगते: ज्या डंगरीला आज वाराला अर्धा रुपया मोजता, ती तेव्हा रुपयाला वीस ते चाळीस वार मिळायची. ती बोलत होती तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. त्या चार वर्षांत मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, सगळी मागणी मुंबईकडे वळली आणि कापसाचे भाव आभाळाला भिडले. कापूस महाग झाला की सर्वांत आधी मार बसतो तो जाड कापडाला, कारण त्यात सूत जास्त. आकडे ॲनाच्या आठवणीतले आहेत, त्यांना बाजारभावाचा तक्ता मानू नये. पण डंगरी हे घराघरातलं कापड होतं, आयाबायांना त्याचा भाव पाठ होता, हे त्यातून कळतं. कोशात नुसतं ‘जाडंभरडं कापड’ वाचल्यावर हे कळत नाही.

आता कापडाचा कपडा कसा झाला. इंग्रजीत कापडाच्या नावाला अनेकवचन लावलं की कपडा होतो. फ्लॅनेलचे ‘फ्लॅनेल्स’, कॉर्डुरॉयचे ‘कॉर्ड्‌स’. तसंच डंगरीचे ‘डंगरीज’. खलाशी, इंजिनखोलीत कोळसा ओढणारे, यंत्रांवर काम करणारे, सगळे निळ्या डंगरीच्या विजारी घालत. एकोणिसाव्या शतकात हा अर्थ पक्का झाला. ऑस्ट्रेलियात सुरुवातीच्या गरीब वसाहतवाल्यांना ‘डंगरी सेटलर’ म्हणत, कारण भारतातून येणारं हेच कापड त्यांच्या अंगावर असे. तिथेच १९१५मध्ये क्वीन्सलंडच्या वॉरिकहून ब्रिस्बेनपर्यंत सैन्यभरतीसाठी पायी फेरी निघाली, तिचं नाव ‘डंगरीज मार्च’. भरती झालेल्यांना निळ्या डंगरीचे कपडे देत, त्यावरून.

निळा का? नीळ सुतावर गार पाण्यात बसते, मळ लपवते आणि भारतात मुबलक होती. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत शिरत नाही, वरच्या थरावर बसते. म्हणून गुडघ्यावर, मांडीवर आधी पांढुरकी होते.

अमेरिकेत वाट जरा वेगळी गेली. तिथल्या आरमाराने १९०१मध्ये डेनिमचे कामाचे कपडे मंजूर केले आणि १९१३च्या नियमांत ‘डंगरी’ पोशाख म्हणून त्यांची व्यवस्था आली. कापड डेनिम आणि नाव डंगरी, असं जोडपं तिथे जमलं. आरमारातून घरी आलेल्यांनी ते नाव बरोबर आणलं आणि कितीतरी घरांत निळ्या जाड विजारीला डंगरीजच म्हणू लागले. तेव्हा ‘जीन्स’ हे नाव आजच्यासारखं सर्वत्र झालेलं नव्हतं. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीसुद्धा १९६०पर्यंत आपल्या विजारीला ‘ओव्हरऑल’च म्हणायची. तुमची नणंद म्हणते तो अर्थ हा. मात्र तिकडची तरुण मुलं तो वापरताना मला फारशी आढळली नाहीत, वयस्कांच्या तोंडी आहे.

ब्रिटनमध्ये ‘डंगरीज’ वर चढली. विजारीच्या पुढे छाती झाकणारा तुकडा आला, त्याला खांद्यावरून पट्टे आले, आणि नाव त्या अख्ख्या आकाराला मिळालं. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर राबणाऱ्या ‘लँड आर्मी’च्या बायकांच्या अंगावर हीच असे. आपल्याकडे मुलांच्या कपड्यांच्या दुकानात पोचली ती ही ब्रिटिश डंगरी. तुमच्या लेकीची हीच.

आणि आपल्याकडे चौथा अर्थ आहे, जो परदेशी कोशात दिसत नाही. सैन्यात आणि कारखान्यांत ‘डांगरी’ म्हणजे बाह्या असलेला, पुढे चेन असलेला, मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध कपडा. नगरला चिलखती दलाचं केंद्र आहे, तिथले रणगाड्यांवरचे जवान काळ्या डांगरीत दिसतात. बाहेर त्यालाच कव्हरऑल किंवा बॉयलर सूट म्हणतात. ‘डंगरी’ आणि ‘डांगरी’ यांत एका कान्याचा फरक आहे, पण शिवायला घेतलं की कपडा वेगळा. पट्टेवाल्या डंगरीत मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागाच नसते. डांगरीत मुंढा, बाही, कॉलर सगळं येतं. शिवाय आसनाला वाकण्यापुरती सैल उंची सोडावी लागते, नाहीतर माणूस खाली बसला की खांदे ओढले जातात आणि शिलाई आसनातच उसवते. कापडही दीडपट लागतं.

हा फरक मी किंमत मोजून शिकले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका अमेरिकी खरेदीदाराची मागणी दलालामार्फत आली: आरमारी धाटणीच्या निळ्या डंगरीज. आम्ही छातीपट्टी, गॅलिससारखे पट्टे, पितळी बकलं असे चार नमुने शिवून पाठवले. त्यांना हवी होती पुढे ठिगळी खिसे असलेली, खाली रुंद होत जाणारी विजार. नमुने परत आले, हंगाम गेला आणि ती ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. चूक कुणा एकाची नव्हती. दोघांनी एकच शब्द लिहिला होता आणि दोघांच्या डोळ्यांपुढे दोन कपडे होते. तेव्हापासून मागणीपत्रात मी ‘डंगरी’ एकटं लिहू देत नाही. छातीपट्टी आहे की नाही, बाह्या आहेत की नाहीत, खिसे कुठे, हे चित्रासकट लिहून घेते.

शेवटी एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण डेनिमचा विषय निघाला की तो येतोच: डंगरी आणि डेनिम एकच का? डेनिमची वीण तिरकी, म्हणजे ट्विल. त्यात ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून बाहेरून निळं आणि आतून फिकट. जुनी डंगरी साध्या विणीची. पुढे धंद्यात असा एक संकेत पडला की ताणा आणि बाणा दोन्ही रंगवलेले असतील तर ते डंगरी, एकच रंगवलेला असेल तर डेनिम. आता तो सगळेच पाळतात असं नाही. लेकीच्या डंगरीच्या पायाची दुमड उलटून बघा. आतून पांढुरकं आणि तिरक्या रेघा दिसल्या तर नाव डंगरीचं आणि कापड डेनिमचं. दोन्ही बाजूंनी सारखाच निळा आणि साधी उभी-आडवी वीण दिसली, तर त्या कापडाला मोल्सवर्थनेही डोंगरीच म्हटलं असतं.